कोनाड्याच्या वर

सकाळी साडेसातला मनी आली ती तापलेल्या पोरीला खांद्यावर घेऊनच.

मनी म्हणजे माझी एकुलती एक लेक. लहानपणी कपाटांवर, खिडक्यांवर चढून बसायची म्हणून हे नाव पडलं, ते चाळीस वर्षं झाली तरी सुटलं नाही. त्या दिवशीच तिला चाळीस पुरी झाली होती. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून ती भिंगं घासते. केसाएवढा फरक तिच्या बोटाला कळतो.

"आई, हिला जरा बघशील? अंग कोमट लागतंय. औषध दिलंय. संध्याकाळच्या आत येते."

तिच्या पाठीवर मोठी पिशवी होती आणि पिशवीवर दोराची गुंडाळी. मला ती दिसत होती. तरी मी विचारलं, "आणि स्वारी कुठं निघाली?"

"चढायला, बाबा."

"वा! नवरा परगावी, पोर तापलेली, आणि आईसाहेब निघाल्या दगड चढायला. एक रविवार घरी बसलीस तर डोंगर पळून जाणार आहे का?"

नात माझ्या मांडीवर येऊन पडली. तिचं कपाळ तापलेलं होतं, त्यामुळे माझ्या जिभेला आणखी धार चढली. "स्वतःच्या हौसेपायी पोरं दुसऱ्याच्या गळ्यात टाकणारी माणसं मी पुष्कळ बघितली. तू त्यातली निघशील असं वाटलं नव्हतं."

माझी बायको चहा गाळत होती. तिचा हात थांबला. "लोका सांगे ब्रह्मज्ञान," ती कपाकडे बघत म्हणाली, आणि पुढचं अर्धं तिनं गिळलं. गेली चाळीस वर्षं ती पुढचं अर्धं गिळतच आली होती.

मनीनं पिशवीचे पट्टे घट्ट केले. "तुम्हाला एक गंमत सांगायची होती, बाबा. आता नको. आल्यावर सांगते."

"गंमत राहू दे. ताप किती आहे ते सांगून जा."

ती गेली. रागावली की ती दार आपटत नाही, हळू लावते. त्या बाबतीत आईवर गेलीय.

मी पोरीच्या कपाळावर ओली घडी ठेवली आणि स्वतःवर खूश होऊन चहा प्यायलो.

दुपारी पाऊण वाजता फोन आला. बाई बोलत होती, धाप लागल्यासारखी. "आजोबा, मी बचाव पथकाची प्रमुख. तुमच्याकडे गाडी पाठवलीय. भिंतीपाशी या."

"कुठल्या भिंतीपाशी?"

"तुमच्याच."

बायको आतल्या खोलीत पोरीला थोपटत होती. मी तिला काहीही न सांगता चपला घातल्या आणि खाली गेलो. गाडीवाला म्हणाला, "पट्टा लावा," तर मला तो लावता येईना. आयुष्यभर गाठी मारलेला माणूस मी. शेवटी त्यानंच लावून दिला.

माझी भिंत म्हणजे काय, ते सांगायला हवं.

मी रंगारी. उंच इमारतींच्या बाहेरच्या भिंती रंगवायचो, झुल्यावर बसून. झुला म्हणजे एक फळी, दोन टोकांना दोन दोर आणि फळीवर दोन माणसं. खाली सरकायचं तर दोघांनी आपापला दोर एकाच वेळी एक एक हात सोडायचा. एकानं "एक हात!" म्हणायचं, दुसऱ्यानं "सोडला!" म्हणायचं. एकानं जास्त सोडला की फळी तिरपी आणि दोघंही डब्यासकट खाली. माझ्या फळीच्या दुसऱ्या टोकाला जो बसायचा त्याला सगळे पाल म्हणायचे, कारण तो भिंतीला तसाच चिकटायचा. सोमवार ते शनिवार आम्ही इमारती उतरायचो आणि रविवारी शहराबाहेरचे कडे चढायचो. तेव्हा आम्ही तिशीत होतो.

गिर्यारोहणाचं एक मंडळ होतं, अजून आहे. मंडळाची एक वही आहे. एखादा कडा जो पहिल्यांदा चढेल त्यानं आपली वाट त्या वहीत लिहायची, हात कुठे, पाय कुठे, विसावा कुठे. वाटेला नाव देण्याचा मानही त्याचाच. पुरावा म्हणून माथ्यावर आपलं फडकं बांधून यायचं. बाकी साक्षीदार नाही, पंच नाही. पहिल्या माणसाचा शब्द हाच कायदा, कारण त्या शब्दावर मागून येणारे जीव टांगतात.

भिंत तेव्हा कुणीच चढलेलं नव्हतं. दोन तृतीयांश उंचीवर तिला एक खोबण आहे, दोन माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसतील एवढी. तिला आम्ही कोनाडा म्हणायचो. तिथपर्यंत आम्ही दोघं दोनदा जाऊन आलो होतो. तिसऱ्या वेळी वर जायचंच असं ठरलं, आणि त्या रविवारी पहाटे माझ्या बायकोच्या पोटात दुखायला लागलं. दिवस भरले होते.

"जा घरी," पाल मला म्हणाला. "आज मी येणार नाही आणि तूही जायचं नाहीस."

"पहिलटकरणीला दोन दोन दिवस लागतात. दुपारपर्यंत येतो."

"भिंत कुठं जात नाही, गाढवा."

मी एकटा गेलो. कोनाड्यात पोचलो तेव्हा नऊ वाजले होते. डावीकडे चार हातांवर एक उभी भेग वर जाताना दिसत होती. तिचा वरचा भाग फुगलेल्या दगडाआड होता. मी दीड तास त्या कोनाड्यात बसलो. तीनदा उठलो आणि तीनदा बसलो. मग दोर टाकून खाली उतरलो.

खाली उतरल्यावर मला घरी जाता आलं असतं. पण बायकोला तसं सोडून आलो, मंडळात बढाई मारून आलो, पालीचं ऐकलं नाही, आणि आता रिकाम्या हातानं जायचं? मी मेंढ्यांच्या वाटेनं डोंगराला वळसा घालून मागून माथ्यावर गेलो. फडकं बांधलं. तिथून सरळ मंडळाच्या मास्तरांकडे गेलो. मला तेव्हा लिहिता येत नव्हतं. मी सांगत गेलो, मास्तर लिहीत गेले, "कोनाड्यातून डावीकडे चार हात सरकावे. तिथून बोटं जातील अशी उभी भेग आहे. ती थेट माथ्यापर्यंत जाते."

संध्याकाळी पाचला घरी पोचलो तर दाराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, सगळी दवाखान्यात आहेत. बाळाच्या गळ्याभोवती नाळ होती. पालीनं कुठून तरी गाडी आणली होती आणि माझ्या बायकोला उचलून त्यात घातलं होतं. मुलगी तीनला झाली. बायको काही बोलेना, म्हणून मीच बोललो, "तू झालीस तेव्हा मी माथ्यावर होतो, पोरी." दुसऱ्या दिवशी मास्तरांना सांगून वाटेला नाव दिलं, लेकीची वाट.

दोन वर्षांनी पाल तीच वाट चढायला गेला. दुसऱ्या दिवशी झुल्यावर, नवव्या मजल्याच्या उंचीला, तो मला म्हणाला, "भेग पंधरा हातांवर संपते. वर सगळा सडका दगड. खरं सांग, तू वर गेला होतास? माझ्याकडून बाहेर जाणार नाही."

मी काय केलं? शनिवारच्या सभेत उभा राहिलो आणि म्हणालो, "काही माणसांना दुसऱ्याचं यश बघवत नाही. स्वतः कच खाऊन परत येतात आणि म्हणतात वाटच नाही. अशा भेकडांनी घरी बसून लोकर विणावी." सगळे हसले. पाल हसला नाही, भांडलाही नाही. त्यानं मंडळ सोडलं आणि माझी फळीही सोडली. त्यानंतर पाच-सहा जण त्या भेगेच्या टोकावरून परत आले. प्रत्येकाला मी विचारलं, "दम नाही वाटतं?" आणि प्रत्येकानं मान खाली घातली. लोक मला उस्ताद म्हणायला लागले.

अक्षरं मला मनीनं शिकवली. ती बारा वर्षांची होती, मी बेचाळीसचा. सहा महिन्यांनी ती मंडळाची वही घरी घेऊन आली. म्हणाली, "आता हे वाचा, बाबा. आपलंच आहे." अक्षराला अक्षर जोडत आयुष्यात मी पहिला अख्खा मजकूर वाचला तो माझ्या स्वतःच्या खोट्याचा. "थेट मा-थ्या-पर्-यंत जा-ते." मनीनं टाळ्या वाजवल्या. "ही माझी वाट ना?" तेव्हा पेन्सिल माझ्या हातात होती.

"हो," मी म्हणालो. "तुझीच."

गाडी थांबली.

भिंतीच्या पायथ्याशी पथकाची पाच-सहा माणसं होती. प्रमुखबाई एका सपाट दगडापाशी उकिडवी बसली होती. दगडावर फोन होता आणि फोनच्या शेजारी वही. तीच वही, नवं पुठ्ठ्याचं वेष्टण घातलेली. बाईनं मला दुर्बीण दिली.

मनी भेगेच्या टोकाच्या वर होती. दोन हात पसरून, गाल दगडाला लावून, ओल्या कापडासारखी भिंतीला चिकटलेली. तिची जोडीदारीण खाली कोनाड्यात दोर धरून बसली होती, पण मनीनं दोर ज्या शेवटच्या कडीत अडकवला होता ती कडी तिच्या पायांखाली कितीतरी खाली राहिली होती. हात सुटला असता तर दोरानं धरायच्या आधी ती कोनाड्याच्या कठड्यावर आपटली असती.

"किती वेळ?" मी विचारलं.

"पावणेदोन तास. आमची दोन माणसं मेंढ्यांच्या वाटेनं वर निघालीत, त्यांना पोचायला अजून तासभर तरी लागेल. तेवढा वेळ ती टिकणार नाही, आजोबा. पिंढऱ्यांना गोळे येतायत. भिंत समोर बघून नेमकं सांगाल, म्हणून तुम्हाला आणलं."

फोनमधून कोनाड्यातल्या मुलीचा आवाज आला. "बाबा आले का? ताई विचारतेय."

"आलेत, आलेत."

मग ती वर ओरडली, वरून मनीचा आवाज बारीक आला, आणि ती मुलगी पुन्हा फोनवर म्हणाली, "ताई म्हणतेय, बाबांना सांगा, ही गंमत होती. आणि विचारतेय, भेग संपल्यावर बाबांनी हात कुठं घातला होता? उजवीकडे एक दगड बाहेर आलाय, तोच का?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

खरं काय ते मला ठाऊक होतं. तरी तोंडातून निघालं, "नीट आठवत नाही."

लाज वाटते, पण लिहितो. माझी लेक तिथं बोटांवर लटकली होती आणि मला त्या सहा अनोळखी माणसांची लाज वाटत होती.

"साहजिक आहे, चाळीस वर्षं झाली," प्रमुखबाई म्हणाली. "डोळे मिटून आठवा. तुम्ही गेलात म्हणजे पकड तिथं आहेच." तिनं वहीवर बोट ठेवलं. "थेट माथ्यापर्यंत, असं लिहिलंय. म्हणजे भेग मध्ये तुटून वर पुन्हा चालू होत असणार. दुसरा काही अर्थच होत नाही." मग ती फोनवर वाकली. "ताईला सांग, उजवीकडचा दगड चाचपून बघ, आणि हळूहळू त्याच्यावर वजन—"

"नको!" मी ओरडलो. "त्याला हात लावू नको म्हणावं!"

"का?"

"मला माहीत नाही म्हणून!"

बाई माझ्याकडे बघत राहिली. मी तिच्या हातातला दुसरा फोन हिसकावून घेतला आणि घरचा नंबर फिरवला. बायकोनं उचलला.

"पालीचा नंबर दे."

"कशाला? आणि तुम्ही न सांगता गेलात कुठं?"

"मनी भिंतीवर अडकलीय."

तिनं नंबर सांगितला, एकेक आकडा स्पष्ट, कुठंही न शोधता, पाठ असल्यासारखा. अडतीस वर्षं मी ज्याचं नाव घरात काढू दिलं नव्हतं त्याचा नंबर तिला पाठ होता.

पालीनं तिसऱ्या घंटीला उचलला. बाईनं त्याचा आवाज मोठा केला आणि तो फोन पहिल्या फोनच्या शेजारी ठेवला.

"मी बोलतोय," मी म्हणालो.

"कोण मी?"

"उस्ताद."

"अरे वा. कुणी मेलं का?"

"मनी भिंतीवर आहे. भेगेच्या वर. तिला खालीही येता येत नाही, वरही जाता येत नाही. तू तिथं गेला होतास. पाया पडतो, सांग."

तो म्हणाला, हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, "आधी तू सांग. ती आता वर जायचा प्रयत्न करणार, कारण तिच्या बापानं वाट आहे म्हणून सांगितलंय. ती तुझं ऐकते, माझं नाही. तू वर गेला होतास?"

दोन फोन दगडावर शेजारी शेजारी पडले होते. एकातून पालीचा श्वास येत होता, दुसऱ्यातून वाऱ्याचा आवाज. तो वारा माझ्या लेकीच्या अंगावरून येत होता.

"नाही," मी म्हणालो.

"मोठ्यानं."

"नाही! मी कोनाड्यातून परत फिरलो. मागून जाऊन फडकं बांधलं. वर वाट नाही, मनी, वर काही नाही, मी कधी गेलोच नव्हतो!"

कोनाड्यातल्या मुलीनं ते वर सांगितलं की मनीला आपोआप ऐकू गेलं, मला माहीत नाही. मी दुर्बीण डोळ्याला लावली नाही.

"ठीक," पाल म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम झुल्यावरचा झाला, कामाचा. "पोरी, ऐकतेयस ना? उजवीकडचा दगड सडलेला आहे, त्याला शिवायचं नाही. मी तिथंच उभा होतो, तू आहेस तिथंच. उभा राहून तुझ्या बापाला इतक्या शिव्या दिल्यात की त्या दगडाला अजून पाठ असतील. आता तुझ्या डाव्या गुडघ्याच्या खाली, एक हातावर, गवताचा झुबका असेल. आहे का?"

फोनमधून आलं, "ताई म्हणतेय, आहे."

"त्याच्या मागे एक खोबणी आहे. डावा पाय तिथं जातो. आणि खोबणीच्या वर मी लोखंडी मेख ठोकलेली आहे. तिच्यावरच मी उतरलो. गवतानं झाकली गेली असेल. आधी पाय. एक हात खाली!"



"सोडला," कोनाड्यातली मुलगी म्हणाली. तिला तो शब्द कुणी शिकवला नव्हता. तिनं फक्त जे बघितलं ते सांगितलं, मनीनं पाय सोडला. पण माझ्या पाठीतून कळ गेली.

"लागला पाय?"

"चाचपतेय... नाही... थांबा... लागला!"

"आता डाव्या हातानं गवत उपट. घाई नको."

मग, "मेख आहे. गंजलीय."

"गंजणारच. मीही गंजलोय. हलवून बघ."

"हलत नाही म्हणतेय."

"मग कडी अडकव तिच्यात, दोर टाक, आणि हळू बस. सगळं वजन एकदम नको, पोरी. तुला पहिल्यांदा हातात घेतलं ना, तेव्हा मीही असंच हळू घेतलं होतं."

मी दुर्बीण उचलली. मनी मेखेवर बसली होती. तिचे दोन्ही हात खाली लोंबत होते आणि ती ते झटकत होती, रक्त परत आणण्यासाठी. तिनं एकदाही खाली बघितलं नाही.

अडतीस वर्षांपूर्वी एका भेकडानं ठोकलेली मेख पन्नास मिनिटं टिकली.

वरची माणसं पोचली. पालीनं त्यांना सांगितलं होतं की दोर सरळ सोडू नका, डावीकडच्या सुळक्यावरून सोडा. त्यांनी तसंच केलं. तरी खाली येणाऱ्या माणसाचा पाय घसरला आणि दोर आडवा घासला. तो उजवीकडचा दगड निसटला. कपाटाएवढा होता. तो पडताना मी बघितला. मनीनं अंग आत घेतलं, पण उजवा हात राहिला.

दवाखान्यातली वाट बघायची खोली लांबट होती. एका भिंतीला बाकं, समोर पाण्याचं पिंप. पाल आधीच येऊन बसला होता. केस सगळे गेलेले, काठी मांडीवर आडवी. मी त्याच्या शेजारी बसलो. त्यानं जागा केली नाही आणि सरकलाही नाही.

"दोन बोटं," तो म्हणाला. "मधलं आणि अंगठ्याजवळचं. काढावी लागली."

भिंगं घासायची ती हीच दोन बोटं.

"जीव वाचला," मी म्हणालो.

"हं."

थोड्या वेळानं प्रमुखबाई आली. तिच्या हातात वही होती. तिनं ते पान उघडून माझ्यापुढे धरलं आणि पेन दिलं. मी मांडीवर वही घेतली. माझं अक्षर अजून पहिलीतल्या मुलासारखंच आहे, गोल आणि रेघ सोडून जाणारं. मास्तरांच्या सुंदर ओळींखाली मी लिहिलं, "कोनाड्याच्या वर मी गेलो नाही. भेग पंधरा हातांवर संपते. पुढे दगड सडका आहे. तिथून जो खरं बघून परत फिरला त्याला मी भेकड म्हणालो." खाली तारीख घातली.

पालीनं वाकून वाचलं. "बघून हा शब्द चुकलाय," तो म्हणाला. "ब ला काना दिलायस." आणि त्यानं तोंड फिरवलं, कारण त्याचे डोळे भरले होते.

मला खरंच वाटलं की संपलं. चाळीस वर्षांचं ओझं उतरलं असं वाटलं. पाठ बाकाला टेकली. आता आत जाऊन तिच्यासमोर उभं राहीन, काय बोलायचं ते बोलेल, ऐकून घेईन, असा मनात हिशेब चालला होता.

आतलं दार उघडलं आणि बायको बाहेर आली. तिनं नातीला शेजारणीकडे ठेवलं होतं. ती बसली नाही. दाराची मूठ हातातच ठेवून उभी राहिली.

"शुद्धीवर आलीय," ती म्हणाली. "तुम्हाला आत बोलावलं नाही. एक विचारलंय."

"विचार."

"त्या दिवशी, ती झाली त्या दिवशी, कोनाड्यातून परत फिरून तुम्ही खाली किती वाजता उतरला होतात?"

पाण्याच्या पिंपाची तोटी गळत होती. पालीनं काठी उभी धरली आणि तिच्याकडे बघत राहिला. त्याला उत्तर माहीत नव्हतं. जगात कुणालाच माहीत नव्हतं. वहीतही ते नव्हतं. काहीही सांगितलं असतं तरी खपलं असतं.

"अकराला," मी म्हणालो.

"अकराला."

"हो."

तिचे ओठ हलले. ती मोजत होती. भिंतीपासून घर तासाभराचं. मुलगी तीनला झाली. मी पाचला आलो.

"म्हणजे बाराला तुम्ही दारात असता," ती म्हणाली. "बाराला मी जमिनीवर पडून तुम्हाला हाका मारत होते. मला वाटायचं, आता तो माथ्याजवळ असेल, त्याला ऐकू कसं जाणार. चाळीस वर्षं मी स्वतःला हेच सांगत आले."

मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं.

"नको," ती म्हणाली. "तिला सांगते."

ती आत गेली. दार तिनं हळू लावलं.